बदलण्याची गरज नाही

"नेवगीसाहेब, तुमच्या गाडीला खरूज झाली काय हो?"

नंदकिशोर आंगचेकरांनी हा प्रश्न पार्किंगमध्ये इतक्या मोठ्यानं विचारला की मांडवाचे बांबू बांधणारी माणसंही सुंभ हातात धरून वळून बघायला लागली. मुलुंड पूर्वेच्या श्रमसाफल्य सोसायटीत सव्वीस जानेवारीला सत्यनारायणाची पूजा असते. मांडवाला कोपरा मोकळा हवा म्हणून देवदत्त नेवगींची पांढरी गाडी नुकतीच तिथून काढून उलटी लावली होती. त्यामुळे कित्येक महिने भिंतीशी गुजगोष्टी करणारा तिचा मागचा बंपर जगासमोर आला होता आणि तो अजिबात बघवत नव्हता. उजव्या बाजूचा रंग पिवळा पडला होता, त्याला पापुद्रे सुटले होते, आणि एक पापुद्रा तर वाऱ्यावर हलत होता.

"कंपनीचा रंगच हलक्या प्रतीचा," देवदत्त म्हणाले.

"अख्खी गाडी झकास आणि तेवढ्या हातभर जागेतच रंग हलका? बदलून टाका ना बंपर."

बदलून टाका! हे दोन शब्द देवदत्तांना कुणीही ऐकवावेत, पण नंदकिशोरांनी ऐकवू नयेत. देवदत्तांची सगळी हयात एका विमा कंपनीत मोटारींचे क्लेम तपासण्यात गेली होती. ओरखडा नुसता पाहून तो खांबाचा, रिक्षाचा की म्हशीचा हे ते सांगत. पण त्यांचं नाव झालं ते एका शेऱ्यामुळे. "बदलण्याची गरज नाही. दुरुस्ती पुरेशी." हा शेरा त्यांनी इतक्या फायलींवर मारला होता की निवृत्तीच्या दिवशी ऑफिसातल्या मंडळींनी केकवर तोच लिहून आणला. घरातला मिक्सर, पंखा, चपला याच शेऱ्यावर चालल्या होत्या. दाताच्या डॉक्टरांनाही ते हेच ऐकवून आले होते. आणि फार वर्षांपूर्वी हा शेरा बसला होता नंदकिशोरांच्या गाडीच्या फुटक्या बंपरवर. ते दुःख नंदकिशोर विसरले नव्हते. त्यांनी ती गाडी विकली, स्कूटर घेतली, तिला सावंतवाडीहून खास पिकल्या हापूसचा रंग मारून आणला, आणि तेव्हापासून देवदत्तांशी ते फक्त सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलत.

"आंगचेकर, प्लास्टिकच्या भागावरचा जुना रंग घरच्या घरी काढता येतो. बदलण्याची गरज नाही."

"काढून दाखवा की मग. परवा याच गाडीशेजारी देव बसणार आहे, आणि पूजेला तुम्ही दोघं."

मांडववाले ऐकत होते. पहिल्या मजल्यावरच्या सुनंदाताई गॅलरीत आल्या होत्या. देवदत्तांनी छाती पुढे काढली. "परवा सकाळपर्यंत हा बंपर आरशासारखा दिसेल. नाही दिसला तर मी पूजेला बसणार नाही!"

दुसऱ्या मजल्यावर कपडे वाळत घालणाऱ्या जयंतीबाईंच्या हातातून चिमटा खाली पडला. पूजेला बसण्याचा मान लग्नानंतर इतक्या वर्षांनी यंदा पहिल्यांदा त्यांच्याकडे आला होता. अंजिरी साडी फॉल लावून तयार होती. आणि नवऱ्यानं ती साडी एका बंपरपायी पणाला लावली होती.

"अहो, राहू दे ना," वर आल्याबरोबर त्या म्हणाल्या. "बदलूनच टाकू या. नाहीतर गाडीवर कव्हर घाला आणि गप्प बसा."

"तुला कव्हरचं काय एवढं वेड लागलंय गं? ऑगस्टपासून बघतोय. गाडी लावली की कव्हर, आणि मागची बाजू भिंतीलाच हवी म्हणून हट्ट."

"धूळ बसते," जयंतीबाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

देवदत्तांचा शब्द म्हणजे शब्द, हे सोसायटीनं ऑगस्टमध्येच पाहिलं होतं. सोळा ऑगस्टच्या सकाळी नंदकिशोरांची हापूस स्कूटर पार्किंगमध्ये आडवी पडलेली सापडली. आरसा फुटलेला, बाजूचा पत्रा खरवडलेला, आणि पाडणारा पसार. पार्किंगच्या कॅमेऱ्यात काही दिसलं नाही, कारण कॅमेरा बिघडला तेव्हा देवदत्तांनी तो बदलू दिला नव्हता, दुरुस्तीला पाठवला होता, आणि तो अजून तिथेच होता. पण सेक्रेटरी म्हणून त्यांनी लगेच नोटीस लावली. पुढच्या मीटिंगमध्ये ठरावही पास करून घेतला. गुन्हेगार कोणीही असो, त्यानं पूजेच्या महाप्रसादाची सगळी भांडी एकट्यानं घासावीत. त्यानंतर ते टॉर्च घेऊन एकेकाच्या गाडीखाली वाकले, पेपरवाल्याची उलटतपासणी घेतली, दूधवाल्याची सायकल मोजली. गुन्हेगार सापडला नाही.

पंचवीस तारखेला सकाळी देवदत्त जुनी हाफ पँट घालून खाली उतरले. सोसायटीचे चेअरमन लवूकाका घाडी तिथे खुर्ची टाकून आधीच बसले होते. लवूकाका गिरणीत होते, आता नव्वदीला टेकले होते, आणि जगातल्या कुठल्याही दुखण्यावर त्यांच्याकडे एक उपाय असे.

"गरम पाणी ओत रे," ते म्हणाले. "केळ्याच्या सालीसारखो निघतलो बघ रंग."

देवदत्तांनी आंघोळीची बादली उकळून आणली आणि ओतली. रंग जागचा हलला नाही. पाणी मात्र बंपरवरून थेट त्यांच्या पावलांवर आलं. त्यानंतर ते काही वेळ एका पायावर उड्या मारत मांडवाला प्रदक्षिणा घालत होते.

"उष्णता बरोबर आहे, पण ती कोरडी हवी," पाय थंड पाण्यात बुडवून त्यांनी अनुमान काढलं. मुलगी गंधाली सासरी जाताना केस वाळवायचं यंत्र इथेच विसरली होती. ते आलं. प्लग मात्र एकच होता आणि त्यात मांडवाच्या माळा जोडलेल्या होत्या. देवदत्तांनी त्यातच आपलीही वायर खुपसली. यंत्र घुंईऽ करून सुरू झालं, रंगाला फोड आले, एक पापुद्रा खरोखरच वर उचलला गेला.

"निघतंय! लवूकाका, निघतंय!"

तेवढ्यात फट् झालं. यंत्र बंद, माळा बंद, जिन्यातले दिवे बंद. आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्टही बंद.

"कोण आहे रे खाली?" लिफ्टमधून नंदकिशोरांचा आवाज आला. गच्चीवर आणून ठेवलेले पूजेचे केळीचे खांब घेऊन ते खाली येत होते. "दिवे गेले इथे! केळीचं पान नाकात जातंय!"

"आंगचेकर, घाबरू नका!" देवदत्त जिन्यातून ओरडले.

"घाबरत नाही हो! चिडलोय! लिफ्टवाल्याला बोलवा!"

"लिफ्टवाल्याची गरज नाही, नुसता फ्यूज..."

"बोललात! इथेपण तेच बोललात!"

फ्यूजची तार बसवून लिफ्ट खाली येईपर्यंत केळीच्या पानांच्या चिंध्या झाल्या होत्या आणि नंदकिशोर त्या चिंध्यांतून बाहेर आले. नुसतं बंपरकडे बोट दाखवून, मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवून ते नवीन केळी आणायला निघून गेले.

आता दुसरा माणूस असता तर वर जाऊन झोपला असता. देवदत्तांना मात्र जोर चढला. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून ते थिनरची बाटली घेऊन आले. ओतायला भांडं हवं म्हणून काजूकतलीचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा घेतला. थिनर काचेच्या बाटलीत का देतात, हा विचार त्यांना तेव्हा शिवला नाही.

"लवूकाका, ती विडी विझवा! भडका उडेल!"

"विझवतंय रे. पण तुझो डबो बघ आधी."

डब्याचा तळ शेंबडासारखा खाली लोंबत होता. देवदत्तांनी तो उचलला तेव्हा कडा हातात आल्या आणि तळ थिनरसकट जमिनीवर राहिला. तिथे त्यांनीच मागच्या महिन्यात उभं राहून रंगवून घेतलेला पार्किंगचा नंबर होता. तो बघता बघता विरघळला आणि उताराला लागून मांडवाच्या चटईखाली शिरला. फडक्याला लागलेल्या थिनरनं त्यांनी तरीही बंपरचा खालचा कोपरा पुसून पाहिलाच. तिथला रंग गेला, पण आतलं काळं प्लास्टिक चिकट झालं आणि त्यावर देवदत्तांच्या अंगठ्याचा ठसा उमटला तो कायमचा.

"सही केलंस मा बंपरावर?" लवूकाकांनी विचारलं.

हाच ठसा बघत देवदत्तांनी गंधालीला फोन लावला. ती ट्रॉम्बेला एका प्रयोगशाळेत काम करायची, आणि बाप तिला एरवी रसायनांतलं काही म्हणजे काही विचारत नसे.

"बाबा, थिनर? प्लास्टिकला?" ती किंचाळली. "वाट लागली ना! हात लावू नको आता. मेडिकलमधून चांगलं स्पिरिट आण, इंजेक्शनच्या आधी पुसतात ना, ते. आधी एका कोपऱ्यात थेंबभर लावून बघ. प्लास्टिक चिकट झालं नाही, तर फडकं भिजवून रंगावर चिकटव आणि वरून पोळ्या गुंडाळायचा प्लास्टिकचा कागद लाव, म्हणजे ते उडणार नाही. मग थांब."

"किती थांबू?"

"रंग मऊ होईपर्यंत. तुला जमणार नाही, पण थांब. मग जुन्या एटीएम कार्डानं हळूच खरवड. सुरी नाही, ब्लेड नाही, आईची उलथणी नाही. हातात ग्लव्ह्ज घाल. लवूआजोबांना विडीसकट लांब बसव. आणि बाबा, खालचा कंपनीचा रंग पक्का असतो, तो निघणार नाही. वरून कुणीतरी ब्रशनं फासला असेल तेवढाच निघेल."

"वरून कोण फासणार? शोरूममधून आणलीय गाडी."

"मग निघणार नाही," गंधाली म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

देवदत्तांनी तंतोतंत तसं केलं. थेंब लावून पाहिला, फडकं चिकटवलं, कागद गुंडाळला. बंपर आता ताप आलेल्या पोरासारखा दिसायला लागला. ते शेजारी स्टुलावर बसून राहिले. जयंतीबाई मध्येच खाली येऊन "अहो, चला ना, जेवून घ्या, आहे तेवढंच बरं दिसतंय," असं दोनदा म्हणून गेल्या. दोन्ही वेळा देवदत्त स्टुलावरून हलले नाहीत. उन्हं उतरल्यावर त्यांनी कागद सोडला आणि एटीएम कार्डाची कड पापुद्र्याखाली सरकवली.

रंग निघाला. लोण्यासारखा निघाला, लांबच लांब पट्टीत निघाला. देवदत्तांच्या घशातून आनंदाचा एक चमत्कारिक आवाज निघाला. साबणाच्या पाण्यानं त्यांनी ती जागा पुसली आणि चष्मा कपाळावरून नाकावर घेतला.

खाली कंपनीचा पांढरा रंग शाबूत होता. आणि त्यावर हातभर लांबीचा एक तिरका ओरखडा होता. पिकल्या हापूसच्या रंगाचा.

तो रंग मुलुंडमध्ये दुसऱ्या कुणाकडे नव्हता. देवदत्त गुडघ्यावर बसले. डोळ्यांनी आपलं काम आपोआप सुरू केलं. गाडी रिव्हर्समध्ये, वेग कमी, धडक उजवीकडून, धडकेनंतरही ब्रेक नाही. चालकाचं लक्ष नव्हतं. आणि नंतर कुणीतरी वरून ब्रशनं पांढरा ऑइल पेंट फासला होता. तसला पेंट त्यांच्या घरच्या माळ्यावर होता, खिडकीच्या ग्रिलचा उरलेला. गणपतीला ते एकटेच गावी गेले होते. जयंतीला शाळेतून रजा मिळाली नव्हती. कव्हर. भिंत. 'राहू दे ना.'

ठराव देवदत्तांचा, सही त्यांची. उद्या सगळ्या सोसायटीपुढे भांडी घासायला बसणार ती त्यांची बायको, अंजिरी साडीत. माळ्यावरचा डबा आणून एक हात फिरवला की कुणाला कळणार नव्हतं. लवूकाका खुर्चीत घोरत होते. देवदत्त दोन मजले चढून वर गेले, माळ्यावरचा डबा काढला, उघडला, वास घेतला. आणि पुन्हा बंद केला. आयुष्यभर लोकांचे झाकलेले ओरखडे उघडे करणाऱ्या माणसाला तो ब्रश उचलवेना.

जयंतीबाई देवघरापुढे वाती वळत बसल्या होत्या.

"जयू," देवदत्त गंभीरपणे म्हणाले, "पुरावा सापडला आहे. काही लपवू नकोस. चूक माणसाकडूनच होते. तू उद्या सरळ माफी माग. भांडी तू घास, मी विसळून देईन. ठरावात 'एकट्यानं घासावीत' आहे, विसळण्याबद्दल काही नाही. मी तुझ्यावर रागावलेलो नाही. फक्त एवढंच सांग, गाडी मागे घेताना तुझं लक्ष होतं कुठे?"

जयंतीबाईंनी हातातली वात पूर्ण वळली, तुपाच्या वाटीत ठेवली.

"झालं तुमचं? आता मी विचारते. पंधरा ऑगस्टला आपण बोरिवलीहून आलो. मी कुठे उतरले?"

"गेटवर. पिशव्या होत्या तुझ्याकडे."

"मग गाडी कुणी लावली?"

खाली मांडववाल्यांनी पुन्हा माळा लावून पाहिल्या आणि खिडकीत उजेड चमकून गेला.

"अगं पण धडक बसली असती तर मला कळलं नसतं?" देवदत्त म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"खाली लाउडस्पीकर चालू होता. तुम्ही शिट्टी वाजवत वर आलात आणि मला म्हणालात, काय गं, ढोल किती जोरात बडवतात ही पोरं, गाडीत हादरा बसला."

देवदत्तांना तो ढोल आठवला. चांगला आठवला.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते. दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून येताना बंपर बघितला. पण तुम्ही सकाळी दात घासायच्या आधीच नोटीस लावून मोकळे झाला होतात, खाली लाल रेघ मारून. लोक तुम्हाला हसले असते. मला ते बघवलं नसतं."

"आणि मी इतके महिने टॉर्च घेऊन हिंडत होतो, तेव्हा?"

"त्यात तुमचा वेळ बरा जात होता," जयंतीबाई म्हणाल्या.

देवदत्त खुर्चीत टेकले. त्यांना स्वतःची लाज वाटत होती आणि बायकोचं इतकं कौतुक वाटत होतं की नेमकं कुठल्या गोष्टीनं डोळ्यांत पाणी येतंय ते कळत नव्हतं. शेवटी ते उठले. "ओरखडा पुसायचा नाही. पुरावा नष्ट करायचा नाही," ते म्हणाले. "म्हणजे बंपर आरशासारखा होणार नाही, आणि मी पूजेला बसणार नाही. तुझी साडी मात्र... जयू, माफ कर मला."

"साडी कुठे जात नाही," जयंतीबाई म्हणाल्या, पण त्यांनी तोंड फिरवून पुढची वात घेतली.

सव्वीस तारखेला झेंडावंदन झालं आणि भटजी येण्याआधी देवदत्तांनी माइक हातात घेतला. सगळी सोसायटी मांडवात होती. "स्कूटर मी पाडली," ते म्हणाले. "मला कळलं नाही, हे माझं दुर्दैव. पण पाडली मीच. बंपरवर ओरखडा आहे, ज्याला बघायचा त्यानं बघावा. आंगचेकर, मी तुमची माफी मागतो. पूजेला तुम्ही आणि वहिनी बसा. भांडी मी घासतो."

नंदकिशोर उठले. गाडीपाशी गेले, वाकले, हापूसच्या रंगावरून बोट फिरवलं. ते परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"माझी बायको माहेरी गेलीय. मी एकटा कसा बसू?" ते म्हणाले. "आणि वहिनींनी काय केलंय? पूजेला तुम्हीच बसा."

"पण मी शब्द दिला होता, बंपर आरशासारखा..."

"गप रे," लवूकाका खुर्चीतून ओरडले. "देव बंपर बघूक येणा नाय. बस जोडीन. पण भांडी मात्र तूच घासूची. ठराव तो ठराव."

टाळ्या पडल्या. जयंतीबाई अंजिरी साडीत पाटावर बसल्या आणि पाच अध्याय होईपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं नाही. शेजारी सोवळ्यात बसलेल्या देवदत्तांचं लक्ष मात्र मांडवामागे होतं. तिथे आचारी सगळ्यात मोठ्या टोपात शिरा ढवळायचा सोडून कथा ऐकायला आला होता, आणि करपट वास यायला लागला होता.

दुपारी पंगती उठल्या आणि देवदत्त भांड्यांच्या ढिगापुढे बसले. पराती झाल्या, पातेली झाली, झारे झाले. जिद्दीत माणूस कमी पडला नाही. शेवटी राहिला तो शिऱ्याचा टोप. त्याच्या बुडाला कोळशासारखा काळा थर बसला होता. देवदत्तांनी राख लावली, चिंच लावली, गरम पाणी ओतलं, या वेळी पाय लांब ठेवून. नारळाची शेंडी झिजली, तारेची घासणी तुटली, एटीएम कार्डाचे दोन तुकडे झाले. थर तसाच. मांडव उतरवून झाला, माणसं पांगली, आणि कंबर धरून उभं राहायचा प्रयत्न करताना देवदत्तांच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ते शब्द निघाले.

"हा टोप नाही निघणार. बदलावा लागेल."

मागे कुणीतरी खुर्ची सरकवली. नंदकिशोर होते. शिऱ्याची वाटी हातात घेऊन ते टोपापाशी आले, चष्मा सावरून त्यांनी टोपाच्या बुडाची सावकाश पाहणी केली, बोटानं टकटक वाजवून बघितलं.

"बदलण्याची गरज नाही," ते म्हणाले. मग नवी घासणी त्यांनी खिशातून काढून देवदत्तांच्या हातात दिली, खुर्ची जवळ ओढली आणि बसून शिरा खायला लागले.